टाकीला किती लागतील?

फोनवर पहिला प्रश्न हाच. घर कुठे, माणसे किती, आवारात विहीर आहे का, यातले काही न सांगता माणूस विचारतो, "मॅडम, संडासाच्या टाकीला किती लागतील?" टाकी म्हणजे दुकानातून उचलून आणायचे कपाट असावे आणि आरसा हवा की नको एवढेच ठरवायचे असावे, असा तो प्रश्न असतो. मी सांगते, साठ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत काहीही. त्यावर हमखास ऐकू येते, की अमक्याने तर पस्तीस हजारांत केली. केली असेल. पस्तिसात काय काय झालेले नसेल, ते मला घर न बघताही सांगता येते.

मी बांधकामाची लहान कामे घेते. डिप्लोमा झाल्यावर कल्याणला एका ऑफिसात नकाशे काढत होते, पुढे आपल्याच बदलापुरात कामे मिळू लागली. स्टेशनच्या पूर्वेला टॉवर उठले, तिथे मोठे बिल्डर आणि त्यांचे इंजिनीअर. माझ्या वाट्याला बदलापूर गाव, वालिवली, एरंजाड, सोनिवली ही नदीकडची बाजू. जुने घर पाडून त्या जागी दुमजली बांधायचे, वर दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, असे काम. घराचा नकाशा, टाइल्सचा रंग, स्वयंपाकघराचा ओटा यावर घरातली सगळी माणसे तावातावाने बोलतात. टाकीचा विषय निघाला की एकेक जण उठून जातो. उरतो तो पैसे देणारा, आणि कधी कधी घरातली म्हातारी.

खर्चाचे म्हणाल तर दहा माणसांचे घर धरू. सेप्टिक टाकीसाठी आपल्याकडे आयएस २४७० नावाचे मानक आहे, १९८५ सालचे. त्यात दहा माणसांसाठी आतून २ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद टाकी सांगितली आहे. दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर आत १.४ मीटर पाणी आणि त्यावर फूटभर मोकळी जागा. गवंड्याच्या भाषेत साडेसहा बाय तीन, साडेपाच खोल. कागदावर एवढीशी दिसते. पण नऊ इंची भिंत, तळाचे काँक्रीट, वरचा स्लॅब, आणि बाहेरून प्लास्टर करायला माणूस उभा राहील इतकी जागा धरली की खड्डा होतो दहा बाय साडेसहा आणि सात फूट खोल. म्हणजे साडेचारशे घनफूट, साडेचार ब्रास. खोदलेली माती फुगून वर सहा ब्रासच्या घरात जाते, आणि गावठाणात सहा ब्रास माती टाकायला जागा कुणाकडेच नसते.

विटा बाराशे-तेराशे, त्याचे ११-१२ हजार. सिमेंट अठरा गोण्या, ७ हजार. क्रश सँड आणि खडी साडेसहा हजार. सळई साठ-सत्तर किलो, ४ हजारांच्या वर. पाइप, टी, झाकणे, हवेचा पाइप मिळून साडेपाच हजार. एक गवंडी, दोन बिगारी, त्यांची मजुरी १३-१४ हजार. दर महिन्याला हलतात, पण इथवरची बेरीज ५० हजारांच्या आतबाहेर येते, आणि ती इकडे काय किंवा मुरबाडला काय, फार बदलत नाही. बदलते ती पुढची. खोदायचे कशाने, माती टाकायची कुठे, आणि टाकीतून रोज बाहेर पडणारे पाणी जाणार कुठे. लोक टाकीचा भाव विचारतात. खरा भाव जमिनीचा असतो.

गावठाणातली आळी म्हणजे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचे. तिथे जेसीबी शिरत नाही. मोकळ्या प्लॉटवर जे काम जेसीबी तीन-चार तासांत पाच हजारांत करतो, तेच आळीत पहारी-फावड्याने चार माणसे चार दिवस करतात, आणि माती घमेल्याने नाक्यापर्यंत वाहून डंपरमध्ये टाकावी लागते. त्यातून शेजारच्या घराचे जोते. जुन्या घरांची जोती दगड-मातीची, जेमतेम दोन-अडीच फूट खाली गेलेली. त्याच्याशेजारी तुम्ही सात फुटांचा खड्डा घेतलात की त्या भिंतीला खालून आधार राहत नाही. म्हणून अशा ठिकाणी मी सगळा खड्डा एकदम उघडत नाही. अर्धा खोदायचा, फळ्या आणि टेकू लावायचे, तेवढी भिंत वर आणायची, मग उरलेला अर्धा. याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मजुरी. घरमालकाला वाटते, मॅडम काम लांबवतायत. शेजारी मात्र पूर्ण वेळ खड्ड्याच्या काठावर उभा असतो, त्याला कळत असते.

जमीनही हातभर अंतरावर बदलते. वरच्या अंगाला दोन-तीन फुटांवर काळा पाषाण लागतो. पहार आपटली की ठिणगी उडते आणि बिगारी माझ्याकडे बघतो. मग ब्रेकर आणायचा, त्याचा दर तासाला जेसीबीपेक्षा जास्त, आणि खोदाईच्या पाच हजारांचे वीस हजार होतात. मधल्या पट्ट्यात मुरूम, तो सगळ्यांत गुणी. उभा कापला तरी ढासळत नाही, पाणीही जिरवतो. नदीकडे उतरत गेलात की गाळाची माती. खोदायला लोण्यासारखी, आणि म्हणूनच लोक तिथे फसतात.

अशाच एका घरी गेले होते, नदीपासून फार लांब नाही. २६ जुलै २००५ ला त्या घरात छातीभर पाणी होते. भिंतीवरची खूण पुसून गेली होती, पण घरातल्यांनी नव्या घराचे जोते तीन फूट उचलायचे ठरवले होते ते त्याच आठवणीने. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, सारा देश टीव्हीवर बघत होता, तेव्हाही उल्हास नदी त्यांच्या अंगणात होती. थोरल्या मुलाने जागा दाखवली. परसात, पेरूच्या झाडाखाली. सात फूट टाकी आणि पलीकडे आठ फुटांचा शोषखड्डा, रिंगा टाकून. त्याने कुठून तरी कोटेशनही आणले होते, पंचावन्न हजारांचे. मार्च महिना, माती कोरडी ठक्क, हात लावला तर भुगा होईल अशी. आजी पायरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "बाय, पावसान हिरीचं पानी आमी हातानं काढतो. मंग तुजा ह्यो खड्डा पानी जिरवल कुठं?"

यापुढे मला वेगळे काही विचारायची गरजच नव्हती. विहीर पेरूपासून पंधरा-वीस पावलांवर. जुलैत विहिरीचे पाणी काठाशी येते, म्हणजे भोवतालच्या जमिनीतही पाणी तिथवरच असते. तेव्हा आठ फुटांचा शोषखड्डा पाणी जिरवणार नाही, उलट जमिनीतले पाणी त्यात येऊन बसेल, आणि संडासाचे पाणी विहिरीला भेटेल. मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब सांगितला आहे, साठ फूट. गावठाणात साठ फुटांत तीन घरे आणि दोन विहिरी बसतात. म्हणजे स्वतःच्या विहिरीपासून टाळले तरी शेजाऱ्याची राहतेच.

तरी पद्धत म्हणून मी जिरण्याची परीक्षा घेतली. फूटभर खड्डा, त्यात रात्रभर पाणी भरून ठेवायचे, म्हणजे माती पोटभर पिते. सकाळी पुन्हा भरायचे, काठीला खूण करायची आणि घड्याळ लावून बसायचे. पाणी एक इंच उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर त्या जमिनीत पाणी मुरवायचा नाद सोडावा. थोरला मुलगा मोबाइलवर वेळ लावून उकिडवा बसला होता. पाऊण तासाने म्हणाला, "उतरलं का?" आजी आतून म्हणाल्या, "काय उतरतंय!" कडक मार्चमध्ये ही गत, तर श्रावणात काय.

मग सगळे उलटे केले. टाकी खोल न नेता लांब घेतली, आणि फूट-दीड फूट जमिनीच्या वर काढली. जोते तीन फूट उचललेले असल्याने संडासापासून टाकीपर्यंत उतार आरामात मिळाला. नाही तर हे जमलेच नसते. तळ साध्या काँक्रीटचा न करता सळईचा, आणि भिंतीच्या बाहेर सगळीकडे फूटभर काढलेला, म्हणजे त्यावर मातीचे वजन बसते. हे का, असे मिस्त्रीनेही विचारले. भरलेली टाकी जागची हलत नाही, पण पावसाळ्यात कोणी उपसून रिकामी केली तर खालचे पाणी तिला वर ढकलते. तयार प्लास्टिकच्या टाक्या मिळतात, त्यांचे तर हमखास असे होते. दोन हजार लिटरची टाकी पंचवीस-तीस हजारांना येते, जेसीबीने खड्डा करून दुपारी पुरता येते, आणि काँक्रीटच्या पाटावर पट्ट्यांनी बांधली नाही तर एखाद्या पावसाळ्यात जमिनीच्या वर डोके काढून बघते. पाइप तुटतात ते वेगळेच.

टाकीतून निघालेल्या पाण्यासाठी शोषखड्डा नाही. त्याऐवजी शेजारी खडीची गाळणी, पाणी खालून शिरते आणि खडीतून वर चढून बाहेर पडते. तिथून कर्दळीचा उंच वाफा, तळाला प्लास्टिकचा कागद. कर्दळ भरपूर पाणी पिते आणि आजींना फुले मिळाली. आणखी एक गोष्ट घातली, संडासाच्या पाइपवर उलट्या पाण्याची झडप. पूर आला की टाकीतले पाणी मागे फिरून भांड्यातून घरात येते, पुरापेक्षा लोकांना त्याचीच जास्त किळस आठवते. सगळे मिळून १ लाख ८ हजार झाले. पंचावन्नचे कोटेशन हातात असलेल्या माणसाला हा आकडा सांगणे माझ्याने झाले नसते. आजींनी सांगितला.

एरवी घासाघीस ठरलेल्या तीन ठिकाणी होते: तळ, झाकण आणि शोषखड्डा. तळाला काँक्रीट कशाला, मातीच ठेवा, पाणी आपोआप जाईल. झाकणाला शहाबादी टाका. आणि शोषखड्डा नको, पाइप सरळ गटारात सोडा. या तिन्हींत मिळून पंधरा ते वीस हजार वाचतात, आणि पस्तीस हजारांच्या रहस्यातला मोठा वाटा तोच. गटारात पाइप सोडलेली टाकी बदलापुरात शोधावी लागत नाही. संध्याकाळी आळीतून चाला, कळते. टाकीतून बाहेर पडते ते पाणी फारसे गढूळ दिसत नाही, म्हणून लोकांना ते स्वच्छ वाटते. पण टाकी फक्त गाळ खाली बसवते आणि त्यातला काही भाग कुजवते, जंतू पाण्यासोबत बाहेरच पडतात. ते गटार नाल्याला, नाला उल्हासला. खाली जांभूळला एमआयडीसीचे जलशुद्धीकरण केंद्र, पुढे शहाडला पाणी उचलतात, आणि ते अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, ठाण्यापर्यंत लोक पितात. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, लोक पुलावर थांबून फोटो काढतात. त्या हिरवळीला खत कुठून मिळते, याचा थोडा हिशेब आमच्या आळीतही आहे. कारखान्यांना शिव्या घालणे सोपे असते, आणि त्यांना घालाव्याही. पण पंधरा हजार आपणही वाचवलेले असतात.

"आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही," हे वाक्य मी अभिमानाने ऐकलेले आहे, घरात, लग्नात, रेशनच्या रांगेत. टाकी नीट बांधलेली असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच भरते आणि कायम भरलेलीच राहते. आत जेवढे येते तेवढेच बाहेर जाते. खाली साठतो तो गाळ, आणि तो दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. वीस वर्षांत काढला नाही, तर एक तर तळ फुटका आहे आणि सगळे विहिरींकडे चालले आहे, किंवा टाकी गाळाने भरून गाळच गटारात जातो आहे. दोन्हींत फुशारकी मारण्यासारखे काही नाही. साताऱ्यात वाईला आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरला नगरपरिषदांनी याचे वेळापत्रकच लावले, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी गाडी येऊन उपसते, तुम्ही फोन करा न करा. आमच्याकडे माणूस तेव्हाच फोन करतो, जेव्हा भांड्यात पाणी वर येते. सक्शनची गाडी दोन-तीन हजार घेते. तेवढे पैसे दोन-तीन वर्षांनी बाजूला टाकायचे, हे मी बिलाच्या खाली लिहून देते. किती जण वाचतात, देव जाणे.

गाडीची नळी आळीत पोचत नसेल तर लोक माणूस शोधतात. इथे मी ऐकत नाही. जुन्या टाकीत, ती कितीही मोकळी दिसत असो, माझा एकही माणूस उतरत नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो; थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण जास्त असेल तर नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून माणूस उतरतो आणि वर येत नाही, त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ ला ती ३० लाख केली. मी हा आकडा घरमालकाला सांगते, कारण कायद्यापेक्षा आकडा लवकर कळतो. आणि म्हणूनच झाकणावर घासाघीस चालू देत नाही. शहाबादी लादी पावसा-उन्हात तडकते, आणि अंगणात मुले खेळतात. झाकण जड हवे, दोन हवीत, गाळ बसतो तिथे एक आणि दुसऱ्या कप्प्यावर एक, म्हणजे नळी दोन्हीकडे जाते.

मोकळी जागा असेल, मुरूम असेल, पाणी खोल असेल, तर मी लोकांना टाकीच बांधू नका म्हणते. दोन शोषखड्डे घ्या. एक भरला की दुसरा चालू करा, तोवर पहिल्यातले खत होते, हाताने काढले तरी किळस येत नाही. स्वच्छ भारतचे घरटी १२ हजारांचे अनुदान ग्रामीण भागात मिळत होते, त्यात थोडी भर घातली की असे संडास उभे राहायचे. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी उभे आयुष्य याच कामात घालवले, २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्याही आधी कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारा संडास घडवला होता. पण दोन खड्डे म्हटले की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना टाकीच हवी असते, "बंगल्यात असते तशी". वांगणीकडे एका शिक्षकांना मात्र पटले. त्यांचा सगळा खर्च चाळीस हजारांत बसला आणि खड्ड्यातले खत आता त्यांच्या आंब्याला जाते. पाहुण्यांना ते आंब्याबद्दल सांगतात, खताबद्दल नाही.

एकाने मला विचारले होते, टाकीतून गॅस निघतो, तर त्यावर चहा होईल का. हसण्यासारखा प्रश्न नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीवर गॅस धरून त्यावर इंजिन चालवले होते. घरगुती टाकीत मात्र एवढा गॅस मिळत नाही. म्हणून आपला हवेचा पाइप छपराच्या वर न्यायचा, तोंडाला जाळी लावायची, नाही तर डासांची सोय होते.

सध्या गावात दुसराच प्रश्न ऐकू येतो. भुयारी गटार कधी तरी आळीत येणारच, मग एवढा खर्च करून टाकी कशाला? मी म्हणते, येईल तेव्हा येईल, तोवर सहा-सात माणसे रोज संडासला जाणारच आहेत. पण टाकीच्या बाहेरच्या चेंबरमध्ये आळीच्या बाजूला मी एक वाय (Y) आकाराचा जोड बसवते, चार इंची, टोपण लावून बंद. पुढे गटाराचा पाइप आला की टोपण काढायचे आणि जोडायचे, रस्ता पुन्हा फोडायला नको. वाय, टोपण आणि मजुरीचे मिळून साडेसातशे रुपये होतात. ते मी बिलात वेगळ्या ओळीत लिहिते. तळ कापतात, झाकण कापतात, शोषखड्डा तर पहिल्याच दमात कापतात. पण ही ओळ आजवर कोणी कापलेली नाही.